लेकीला वर्षभर चर्चच्या सेवाकार्यात, सात जणांच्या एका घरात राहायचंय. कुणाला अनुभव?

पाटवडी | ३ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार. मी इथली जुनी वाचनमात्र. पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमची लेक मे महिन्यात पदवीधर होईल. शिकागोतल्या एका जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाने काढलेल्या, विद्यापीठात आहे. तिथे घातलं ते शिष्यवृत्ती बरी मिळाली म्हणून. जेझुइट म्हणजे कोण हे तेव्हा आम्हाला धड ठाऊकही नव्हतं. गेल्या रविवारी फोनवर म्हणाली, "आई, नोकरी एक वर्ष पुढे ढकलतेय. जेझुइट व्हॉलंटिअर कोअरमध्ये जाणार." म्हणजे ऑगस्टपासून पुढच्या जुलैपर्यंत अमेरिकेतल्या कुठल्यातरी शहरात पूर्णवेळ काम. बेघरांचा निवारा, मोफत कायदा-सल्ला केंद्र, दवाखाना, शाळा, जिथे लावतील तिथे. राहायचं इतर पाच-सहा स्वयंसेवकांबरोबर एका घरात, मुलगे-मुली एकत्र. भाडं, किराणा, बसचा पास, विमा हे त्यांच्याकडे. हातखर्चाला महिन्याला जेमतेम शंभरेक डॉलर. किराण्याचे पैसे सगळ्यांचे एकत्र, स्वयंपाक पाळीपाळीने, आठवड्यातली एक संध्याकाळ घराच्या बैठकीची आणि एक 'अध्यात्मा'ची.

नवरा म्हणाला, "आपण दोन सुटकेसी घेऊन या देशात आलो, ते हिने शंभर डॉलरवर जगावं म्हणून?" त्यानंतर तो या विषयावर बोललेलाच नाही. गराज आवरतोय.

माझ्या मनात सगळा गुंता आहे. धर्माची भीती वाटते म्हणावं तर तशी नाही, आणि मुळीच वाटत नाही म्हटलं तर खोटं होईल. शिक्षणाचं थोडं कर्जही आहे. आणि खरं सांगू का, जिने आजवर स्वतःचं ताट विसळलं नाही ती सहा परक्या पोरांबरोबर संसार कसा करणार? त्यात शाकाहारी.

प्रत्यक्ष असं राहिलेलं कुणी आहे का इथे?

रिकामटेकडा | ३ मार्च, रात्री ९:५२

शेंगदाणे घेऊन पहिल्या रांगेत बसलोय. चर्च, मुलगे-मुली एकत्र, शाकाहार आणि गप्प बसलेला नवरा. शंभर प्रतिसाद नक्की.

लसूणचटणी | ३ मार्च, रात्री १०:१५

ताई, आधी व्यवहाराचं. वय २६ होईपर्यंत मुलीला तुमच्या विम्यावर ठेवता येतं, ते काढू नका. त्यांचा विमा असेल तर असू दे. कर्ज सरकारी असेल तर हप्ते पुढे ढकलायचा अर्ज करता येतो, पण कुठल्या कर्जावर त्या काळात व्याज चढतं आणि कुठल्यावर नाही ते आत्ताच बघून घ्या. माझ्या भाच्याने बघितलं नाही आणि नंतर बोंबलत बसला.

नोकरीची ऑफर हातात असेल तर 'वर्षाने येते' असं सरळ विचारायला सांगा. विचारल्याशिवाय कुणी हो म्हणत नाही.

डेन्व्हरचा दत्तू | ४ मार्च, सकाळी ७:०५

पाटवडीताई, हा प्रकार नवा नाही, आणि एकट्या जेझुइटांचाही नाही. जेझुइट व्हॉलंटिअर कोअरची (जेव्हीसीची) सुरुवात १९५६ ची, अलास्कातल्या कॉपर व्हॅलीची. तिथे मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा होती, ती उभारायला आणि चालवायला नुकत्याच पदवीधर झालेल्या मुली गेल्या. नंतर हेच लोण शहरांमध्ये आलं. समूहजीवन, साधी राहणी, सामाजिक न्याय आणि अध्यात्म ही त्यांची चार सूत्रं. वायव्येकडची राज्यं सांभाळणारी 'जेव्हीसी नॉर्थवेस्ट' ही संस्था वेगळी आहे. तिच्यातल्या बऱ्याच जागा अमेरीकोअर या सरकारी योजनेला जोडलेल्या असतात, त्यामुळे वर्ष पुरं केलं की शिक्षणासाठी किंवा कर्ज फेडायला काही हजार डॉलर मिळतात. (त्यावर कर लागतो. लसूणचटणी ओरडायच्या आत सांगून टाकतो.) कर्ज आहे म्हणताय तर दोन्हींची चौकशी करा.

ब्रेदरन या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाची अशीच योजना १९४८ पासून आहे, ल्युथरन पंथाची १९७९ ला वॉशिंग्टन डी.सी.त सुरू झाली. मला जवळून माहीत आहेत ते मेनोनाइट, हाही ख्रिस्ती पंथच. आमच्या गल्लीतले एक आजोबा त्यातले. मेनोनाइट माणूस हातात बंदूक घेत नाही. अमेरिकेत सक्तीची भरती होती तेव्हा, म्हणजे १९७३ पर्यंत, अशा मुलांना सैन्याऐवजी दोन वर्षं लोकोपयोगी काम करावं लागे. कॅन्ससच्या शेतांवरची पोरं डेन्व्हरला येऊन इस्पितळात बेडपॅन उचलायची आणि घर घेऊन एकत्र राहायची. आजोबा सांगतात, "आईने पाठवलेले लोणच्याचे डबे कोणाचे यावरून आमच्यात जे झालं त्याला युद्धच म्हणतात."

रायपूरकर | ४ मार्च, सकाळी ८:३०

@दत्तू, मेनोनाइट म्हटल्यावर राहवलं नाही. आम्ही रायपूरचे मराठी. आमच्याकडे धमतरीचं मेनोनाइटांचं मिशन इस्पितळ सगळ्यांना माहीत. ते लोक १८९९ ला दुष्काळात आले ते तिथेच राहिले. माझ्या आईचं बाळंतपण तिथलं, म्हणजे मीच. तेव्हा जपून बोला :)

तर्कटराव | ४ मार्च, सकाळी ११:२०

सगळं गोड गोड चाललंय म्हणून दोन कडू गोष्टी.

एक, हे फुकट नाही. ज्या संस्थेत मुलगी काम करते ती संस्था दर स्वयंसेवकामागे या कार्यक्रमाला वर्षाला ठरावीक रक्कम देते आणि त्यातून घरभाडं, विमा, हातखर्च भागतो. ती रक्कम पूर्ण पगारापेक्षा कमी असते म्हणून तर देते. म्हणजे तुमची पदवीधर मुलगी स्वस्तातली कामगार आहे. तिच्या जागी त्याच वस्तीतली एखादी बाई पगारावर लागली असती, तिचं घर चाललं असतं. वर त्याच वस्तीत शिकलेल्या पोरांनी घर घ्यायचं. वर्षाने ही सगळी मंडळी लॉ स्कूलला जाणार आणि अर्जात या वर्षावर झकास निबंध लिहिणार. याला मी गरिबीची सहल म्हणतो. जाताना परतीचं तिकीट खिशात.

दोन, धर्म. चर्च कुठलीही गोष्ट उगाच करत नाही. अलास्काचं कौतुक झालं वर. त्याच भागातल्या मिशनांमध्ये मूलनिवासी मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांपायी जेझुइटांच्या ओरेगन प्रांताने २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि २०११ मध्ये १६ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड झाली. हेही आईला माहीत असावं.

बावखल | ४ मार्च, दुपारी १:१०

मी वसईचा, कॅथलिक, तेव्हा माझी बाजू कुठली ते आधीच सांगतो.

तर्कटराव, ओरेगनचं खरं आहे. ते कुणी लपवू नये आणि आमच्यातल्या कुणी 'जुनी गोष्ट' म्हणून झटकूही नये. पाटवडीताई, मुलीला विचारायला सांगा की तक्रार करायची तर कुणाकडे, आणि तो माणूस घराबाहेरचा आहे का. हा प्रश्न चर्चच्या संस्थेलाच काय, कुठल्याही संस्थेला विचारावा.

पण 'चर्च उगाच काही करत नाही' हे ऐकून ऐकून कान किटले. या कार्यक्रमात जायला कॅथलिक असावं लागत नाही. बावीस वर्षांच्या अमेरिकन पोरांना कुणी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, ओढून नेऊ शकेल असं वाटत असेल, तर आमच्या धर्मग्रामातल्या फादरांना या आणि विचारा की स्वतःच्याच पोरांना रविवारी उठवताना काय हाल होतात.

आणि एक. घरात एकत्र राहून सेवा करणं आम्हाला लहानपणापासून दिसत आलंय. सिस्टर लोकांचं घर म्हणजे तेच की. पाच बायका, एक स्वयंपाकघर, खिशात स्वतःचा पैसा नाही. लोकांना वाटतं त्यांना संसार नाही. अहो, आयुष्यभर चार जावांबरोबर राहायचं, आणि त्या जावाही वरून बदली होऊन येणार.

रिकामटेकडा | ४ मार्च, दुपारी १:२५

'बदली होऊन येणाऱ्या जावा' ला दंडवत.

गुलबक्षी | ४ मार्च, दुपारी ३:००

जेझुइट म्हटलं की मला आपले फादर स्टीफन्स आठवतात. १५७९ ला गोव्यात आलेला इंग्रज, आणि मराठीचं कौतुक ओवीत करून गेला. पुढे पुण्यातलं बघा. जॅक विन्स्लो या (जेझुइट नव्हे, अँग्लिकन) इंग्रज धर्मगुरूंचा ख्रिस्त सेवा संघ १९२२ मध्ये अहमदनगरला सुरू झाला, मग पुण्याला आला. इंग्रज आणि हिंदी माणसं एका आश्रमात, खादी घालून, जमिनीवर मांडी घालून जेवत. १९२७ ला ऑक्सफर्डहून व्हेरियर एल्विन त्यात आले. धर्मांतराची भीती असणाऱ्यांनी पुढचं वाचा: एल्विन गांधींच्या नादी लागले, गोंडांमध्ये जाऊन राहिले आणि शेवटी चर्चच सोडलं. शेजारी राहून कोण कोणाला बदलेल ते आधी सांगता येत नाही.

रिकामटेकडा | ४ मार्च, दुपारी ३:०४

एल्विनच्या आईनेही असाच धागा काढला असेल का?

शिरीषफुले | ५ मार्च, पहाटे १२:३५

मी राहिलेय असं. आता नऊ वर्षं झाली. कार्यक्रम हाच की दुसरा, आणि शहर कुठलं, ते सांगत नाही, कारण तक्रारीही लिहिणार आहे. मोठ्या तळ्याच्या काठचं, कारखाने बंद पडलेलं एक शहर समजा. मराठी वयाच्या नवव्या वर्षी ठाण्यातच राहिलं, चुका काढू नका.

आमचं घर म्हणजे जुनं कॉन्व्हेंट, सिस्टर लोकांचा मठ. सिस्टर कमी होत गेल्या, इमारत रिकामी पडली, ती आम्हाला दिली. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना पलंगाएवढ्या खोल्या, प्रत्येक भिंतीवर क्रूस काढल्याची फिकट खूण. आम्ही सात जण, चार मुली, तीन मुलगे. पाटवडीताई, 'मुलगे-मुली एकत्र' याची काळजी सोडा. एकाच संडासासमोर रांग लावणाऱ्या माणसांमध्ये फारसं काही घडत नाही. (एक लग्न झालं नंतर, पण तो अपवाद.)

भांडणं कशावरून झाली? वंश, गरिबी, धर्म यांवर आम्ही फार समजूतदारपणे बोलायचो. भांडणं झाली ती सिंकमधल्या भांड्यांवरून आणि हीटरवरून. बिल सामायिक पैशातून जायचं म्हणून थर्मोस्टॅट ६२ वर ठेवायचा असं बैठकीत ठरलं. फॅरनहाइट, म्हणजे आपले १७ सुद्धा नाहीत. जानेवारीत कुणीतरी रात्री तो गुपचूप ६८ करायचं. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. (मीच.) बहुमताने काहीही ठरवायचं नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलायचं, हा नियम. शेंगदाण्याचं लोणी साधं आणायचं की सेंद्रिय, यावर आम्ही पावणेदोन तास बसलेलो आहोत.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते लॅपटॉपचं. नोव्हेंबरात घर फुटलं, चार लॅपटॉप गेले. आठवड्याच्या आत तिघांकडे नवे आले. माझाही, बाबांनी लगेच मागवला. चौथी मुलगी टेक्सासची, आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबणारे. तिच्याकडे आला नाही. मग बैठक. आपण सगळे सारखेच शंभर डॉलरवर जगतोय असं तीन महिने म्हणत होतो, आणि एका चोराने आठ दिवसांत खरं काय ते दाखवून दिलं. ती म्हणाली, "तुमच्यासाठी साधी राहणी हा प्रयोग आहे, मी इथे आल्यावर पहिल्यांदा रोज फळ खातेय." पुढे कुणालाच काही बोलता येईना. शेवटी आलेले तीनही लॅपटॉप खाली जेवणघरात ठेवायचे, कुणीही वापरायचे असं ठरलं. मला ते मनातून अजिबात पटलं नव्हतं. बाबांना तर आजतागायत सांगितलेलं नाही.

काम बायकांच्या निवाऱ्यात, टेबलावर. दुपारी फोन यायला लागायचे, आज खाट आहे का? बहुतेक दिवशी नसायची. 'नाही' म्हणायला पगारी माणूस परवडत नव्हता म्हणून मी. तर्कटराव, तुमचा पहिला मुद्दा मला अर्धा मान्य आहे. माझी जागा माझ्या आधी कित्येक वर्षं स्वयंसेवकच भरत होते आणि माझ्यानंतरही. ती जागा पगाराची करायची गरजच त्यांना कधी पडली नाही. हे मी निघताना लिहून दिलं. पोच मिळाली, पुढे काही नाही.

पण दिवसभर पंचवीस बायकांना 'नाही' म्हणून एकटीच्या खोलीत गेले असते तर महिन्याभरात पळाले असते. घरी कुणीतरी दुसराही तसाच दिवस काढून आलेला असायचा. आम्ही फार बोलायचो असंही नाही. कांदा चिरायचो.

अध्यात्माची संध्याकाळ पाळीने असते, ज्याची पाळी तो ठरवणार. एकीने बायबल वाचलं, माझ्या पाळीला मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या म्हटल्या आणि अर्थ सांगताना माझीच बोबडी वळली. एक पोरगा कट्टर नास्तिक होता. त्याने सगळ्यांना वीस मिनिटं मुकाट्याने बटाटे सोलायला लावले. वर्षातली सगळ्यात चांगली संध्याकाळ ती, आणि दुसऱ्या दिवशीची भाजीही झाली.

सालढाना_वाशी | ५ मार्च, सकाळी ९:००

शिरीषफुले, सुंदर. बटाट्याची कल्पना आमच्या फादरना सुचवतो.

तर्कटराव | ५ मार्च, सकाळी ९:४५

शिरीषफुले, प्रामाणिक प्रतिसाद. लॅपटॉपचा किस्सा माझ्याच बाजूचा आहे हे मात्र नोंदवून ठेवतो.

शिरीषफुले | ५ मार्च, सकाळी १०:३०

आहेच. फक्त सहलीला गेलेल्याला असं कुणी तोंडावर सांगत नाही, आणि सांगितलं तरी दुसऱ्या दिवशी त्याच माणसाबरोबर सिंकसमोर उभं राहावं लागत नाही. मी तिच्याबरोबर पुढे आठ महिने राहिले.

जेव्हीसीवाले स्वतःबद्दल गमतीने म्हणतात की हे वर्ष तुम्हाला जन्माचं बिघडवतं. मला तो शब्द मोठा वाटतो. मी बिघडले ती एवढीच की आता घरांच्या प्रश्नावरच नोकरी करते, पगार घेऊन, आणि पगार वाढवून मागते तेव्हा लाजत नाही.

खडूस आजोबा | ५ मार्च, दुपारी ४:२०

तुम्ही लोक 'पूर्णवेळ' हा शब्द फार सहज वापरताय. आमच्याकडे, म्हणजे चळवळीत, तो पदवीसारखा होता. "काय करतो मुलगा?" "पूर्णवेळ आहे." मग मुलीकडचे चहा घेऊन निघून जात.

मी १९७३ ते ७६ पूर्णवेळ होतो. संघटनेचं नाव घेत नाही, नाहीतर या धाग्याचं काश्मीर होईल. परळला दहा बाय बाराची खोली, पाच जण. मानधन महिना ७५ रुपये, तेही तिमाहीला एकदा आणि कधी तेवढंही नाही. सगळं सामायिक: टॉवेल, सायकल, बिड्या, साखर. साखरेवरून आमच्यात दोन गट पडले. एक साथी पहाटे उठून सामायिक डब्यातून दोन चमचे जास्त घालून चहा प्यायचा. या देशात समता का आली नाही याची मोठमोठी कारणं देतात लोक. मी त्या डब्याजवळ झोपायचो.

गंमत बाजूला. दोन गोष्टी सांगतो. पहिली, आमच्या खोलीत मुली नव्हत्या. संघटनेत होत्या, भाषणं आमच्यापेक्षा चांगली करायच्या, पण राहायच्या आपापल्या घरी. आणि बैठकीला येताना आमच्यासाठी पोळ्या आणायच्या. तीन वर्षांत आम्हा पाच क्रांतिकारकांपैकी एकालाही कणीक मळता आली नाही आणि त्यात काही गैर आहे असं वाटलंही नाही. आज त्याची शरम वाटते. शिरीषफुलेंच्या घरातले पोरगे बटाटे सोलत होते, तिथेच ते आमच्या पुढे गेले.

दुसरी. आम्हाला जुलै नव्हता. कधी थांबायचं ते कुणी सांगितलंच नाही. जो थांबला तो गद्दार. म्हणून मी थांबलो तेव्हा रात्री थांबलो, कुणाला न सांगता, ट्रंक घेऊन. एका मित्राशी त्यानंतर अकरा वर्षं बोललो नाही. तर्कटराव परतीच्या तिकिटाला हसतायत. मला विचाराल तर परतीचं तिकीट असावं. तारीख ठरलेली असली की माणूस निघताना चोरासारखा निघत नाही.

गावकुस | ५ मार्च, रात्री ८:१०

आजोबा, काय लिहिलंत!

आपल्याकडे याच्या जवळचं म्हणजे बाबा आमट्यांची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी, पण ती आठवडाभराची. मी दोनदा गेलो. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात कुदळ चालवली की आठ दिवसांत सगळ्यांवर प्रेम बसते. नवव्या दिवशी काय होते ते पाहायला कोणी थांबतच नाही ना राजेहो. गडचिरोलीच्या 'निर्माण'मधून वर्षभरासाठी गावात जाणारी पोरं माहीत आहेत, पण ती बरेचदा एकेकटी राहतात. शहरात, सात जणांनी, वर्षभर हे वेगळंच प्रकरण दिसते.

दत्तूभाऊ, न्यूयॉर्कच्या त्या डोरोथी डे बाई यातल्याच का?

डेन्व्हरचा दत्तू | ५ मार्च, रात्री ९:००

त्या कॅथलिक, पण प्रकार वेगळा. डोरोथी डे आणि पीटर मॉरिन यांनी १९३३ मध्ये ऐन मंदीत 'कॅथलिक वर्कर' हे वृत्तपत्र काढलं, किंमत एक सेंट. मग भुकेले लोक दारात यायला लागले म्हणून घरं उघडली. तिथे बेघर आणि स्वयंसेवक एकाच छपराखाली राहतात. हातखर्चाचा करार नाही, वर्षाची मुदत नाही, सरकारचे पैसे नाहीत. आजोबांच्या परळच्या खोलीत सूप ठेवलं की झालं कॅथलिक वर्कर. त्यामानाने जेझुइट कोअर म्हणजे शिस्तीतलं वसतिगृह. पाटवडीताईंनी हायसं वाटून घ्यावं.

रिकामटेकडा | ५ मार्च, रात्री ९:१२

आणि साखर कुलूपबंद.

चिंचगुळ | ६ मार्च, सकाळी ६:५०

सगळे मुलीबद्दल बोलतायत. मला त्या गराज आवरणाऱ्या बाबांची काळजी वाटतेय.

पाटवडी | ६ मार्च, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. नवऱ्याला आजोबांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ऐकला. म्हणाला, "माझा काका असाच गेला होता, भूदानात. आजी रोज त्याचं पान वाढायची." मला लग्नाला पंचवीस वर्षं होऊन हा काका माहीत नव्हता. मग परत गराजमध्ये.

बावखल, तुमचा तक्रारीचा प्रश्न लेकीने मुलाखतीत विचारला. घराबाहेरची व्यक्ती आहे, नाव-नंबर दिलाय. तर्कटराव, तुमचाही विचारला, की माझ्या जागी पगारी माणूस का नाही. ती म्हणते समोरची बाई जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "या प्रश्नाचं उत्तर आम्हीही शोधतोय." हे उत्तर चांगलं की वाईट, तुम्हीच सांगा.

तर्कटराव | ७ मार्च, सकाळी १०:००

वाईट. पण खोटं नाही. मुलीला शुभेच्छा, आणि तिथे गेल्यावर तो प्रश्न विसरू नको म्हणावं.

पाटवडी | १९ ऑगस्ट, रात्री ११:१५

धागा वर काढतेय. लेकीला सोडून आलो.

ओहायोतलं एक शहर. घर लाकडी, तीन मजली, पुढे मोडकी ओसरी. सहा जण, तीन मुली, तीन मुलगे. फ्रिजवर पाळ्यांचं चक्र लावलंय, लेकीकडे या आठवड्यात संडास. मी तोंड फिरवलं. शेजारच्या ओसरीवर एक म्हातारी बाई बसली होती. तिने आम्हाला हटकून विचारलं, "ही यंदाची का?" म्हणजे तिने अशी किती वर्षं पाहिली असतील! लेकीचं नाव विचारलं, दोनदा म्हणून पाहिलं आणि म्हणाली, जमेल.

निघताना नवरा दिसेना. मागच्या दाराशी होता. गाडीत हत्यारांची पेटी घातली होती हे मला माहीतच नव्हतं. दाराची कडी नीट बसत नव्हती, ती बदलली, मग खिडक्यांच्या खिट्ट्या बघितल्या. शिरीषफुले, तुमचा चोर त्याच्या डोक्यात बसलाय. घरातला एक पोरगा त्याच्या हातात स्क्रू देत उभा. तासभर दोघं बोलत होते. काय ते सांगत नाही.

चिंचगुळ | २० ऑगस्ट, सकाळी ७:००

हुश्श. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

खडूस आजोबा | २० ऑगस्ट, सकाळी ७:४०

साखरेचा डबा बघितलात का?

पाटवडी | ११ ऑक्टोबर, रात्री ९:२०

डबा नाही, पण तुपाची गोष्ट घडली.

लेकीने किराण्याच्या यादीत तूप लिहिलं. दुकानातली छोटी बरणी पंधरा डॉलरची. बैठकीत प्रश्न आला की तूप साध्या राहणीत बसतं का. एकजण म्हणाला ही चैन आहे, लोणी असताना तूप कशाला. लेक म्हणाली माझ्या घरी ही चैन नाही, वरणभात आहे. मग कुणीतरी म्हणालं, हेच वाक्य प्रत्येकजण आपापल्या चैनीबद्दल म्हणू शकतो. पन्नास मिनिटं चाललं. ती रडकुंडीला आली होती, फोनवर आवाजावरून कळत होतं. शेवटी एकमत असं झालं की सवलतीत लोणी मिळेल तेव्हा आणायचं आणि तूप घरी कढवायचं.

कधी गॅस बंद करायचा हे विचारायला फोन केला. मला नाही, बाबाला. का, तर "तू नुसतं 'वास आला की' असं सांगतेस." त्याने व्हिडिओवर पंचवीस मिनिटं उभं राहून सांगितलं. मागे ते पाचही जण पातेल्यात डोकावत होते. नवऱ्याला तूप कढवता येतं हेही मला या वर्षी कळलं. काकाकडून शिकला म्हणे.

लसूणचटणी | ११ ऑक्टोबर, रात्री ९:३१

आणि बेरी? बेरी कुणी खाल्ली?

पाटवडी | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

विचारलं. बेरीवर पुढच्या बुधवारी बैठक आहे.